घराला ऑफर किती द्यायची? आधी तीन आकडे वेगळे करा

घर बघून झालं, आवडलं, घरच्यांनीही मान डोलावली, आता समोरून विचारणा होते की "मग काय ऑफर देताय?" यावर बहुतेक जण काय करतात, तर मालकाने सांगितलेला भाव घेतात, त्यातले पाच किंवा दहा टक्के उडवतात आणि जो आकडा येईल तो बोलून टाकतात. पाचच का, दहाच का, याला काही उत्तर नसतं, कुणीतरी सांगितलेलं असतं की एवढं कमी करून मागायचं असतं. आणि हे समोरच्यालाही माहीत असतं, त्यामुळे त्याने तेवढे आधीच वाढवून सांगितलेले असतात, किंवा नसतात, आणि यातलं खरं काय ते आपल्याला कळायला मार्ग नसतो.

माझं म्हणणं असं की इथे तीन वेगवेगळे आकडे आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक, हे घर आज बाजारात कितीला जाईल. दुसरा, आपण स्वतः जास्तीत जास्त किती देऊ, ज्याच्या वर एक पैसाही नाही. आणि तिसरा, पहिल्यांदा तोंडातून कितीचा उच्चार करायचा. हे याच क्रमाने ठरवायचे. मालकाने सांगितलेला भाव फक्त तिसऱ्याच्या वेळी उपयोगाचा, पहिल्या दोनच्या वेळी तो डोक्यातून जितका बाहेर ठेवता येईल तितका ठेवायचा.

आता तो बघितलेला तर असतोच, जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात तोच असतो. आणि एकदा बघितला की तो डोक्यात रुतून बसतो, हे नुसतं म्हणायला नाही. १९८७ मध्ये ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील या दोघांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात एक प्रयोग केला, खरं घर, खरे प्रॉपर्टी एजंट, सगळ्यांना घर प्रत्यक्ष दाखवलं, त्या घराच्या आणि आसपासच्या विक्रीच्या माहितीची फाइल दिली, फाइलमध्ये फरक मुख्यतः एवढाच की मालकाचा भाव कुणाला कमी सांगितला, कुणाला जास्त. ज्यांना जास्त सांगितला त्यांनी घराची किंमतही जास्त काढली. रोज हेच काम करणारे लोक होते हे. वर किंमत कशावरून काढली असं विचारल्यावर फार थोड्यांनी त्या भावाचं नाव घेतलं. एजंटांची ही गत तर आपण आयुष्यात एक-दोनदा घर घेणारे, आपलं काय सांगावं.

म्हणून पहिला आकडा काढताना सुरुवात या घरापासून करायचीच नाही. सुरुवात करायची आसपास गेल्या सहा-आठ महिन्यांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या घरांपासून. "विकल्या गेलेल्या" यावर जोर आहे, कारण वेबसाइटवर दिसणारे भाव हे मागितलेले भाव असतात, मागायला काय जातंय, आणि जी घरं महिनोन्महिने तिथे दिसतात ती तर बहुतेक वेळा त्या भावाला कुणी घेत नाही म्हणूनच दिसतात. विक्रीचे खरे आकडे सरकारी नोंदणीत असतात, काही ठिकाणी ते सगळ्यांना बघता येतात, काही ठिकाणी वकील किंवा एजंटकडून काढून घ्यावे लागतात, काही ठिकाणी नोंदलेला आकडा आणि खरा व्यवहार यात फरक असतो तेही लक्षात घ्यावं लागतं. पण चार-पाच व्यवहार मिळाले तरी काम होतं.

मग करायचं काय, तर त्या प्रत्येक विकलेल्या घराला आपल्या घरासारखं करून बघायचं. कागदावर. समजा मालक १०० मागतोय, चलन कुठलंही धरा, १०० म्हणजे फक्त मोजायला सोपं म्हणून. शेजारच्या गल्लीत एक घर ९६ ला गेलं, पण त्यात स्वयंपाकघर नवं कोरं होतं आणि आपल्या घरात जुनं आहे, त्याचे ३ वजा, झाले ९३, आणि ती विक्री सहा महिन्यांपूर्वीची आहे, तेव्हापासून भाव साधारण दोन टक्क्यांनी वर गेलेत तर २ मिळवा, झाले ९५. दुसरं घर १०४ ला गेलं पण ते दहा टक्के मोठं होतं आणि त्याला स्वतःचं पार्किंग होतं. मोठेपणाचे ७ वजा, पार्किंगचे ४ वजा, ९३. तिसरं ९० ला गेलं, ते अंधारं होतं, तळमजल्यावर होतं, आपलं त्यापेक्षा बरं आहे म्हणून ४ मिळवले, ९४. चौथं ८० ला गेलेलं दिसतंय पण चौकशी केली तर कळलं की भावाने बहिणीला दिलं, ते सरळ सोडून द्यायचं, तो बाजारातला व्यवहारच नव्हे.

इथे लोक दोन ठिकाणी गडबड करतात. एक म्हणजे दिशा चुकते, जी गोष्ट विकलेल्या घरात होती आणि आपल्यात नाही ती वजा करायची, आपल्यात आहे आणि त्यात नव्हती ती मिळवायची, हे वाचायला सोपं वाटतं पण करताना हमखास उलटं होतं. दुसरं, दहा टक्के मोठं म्हणून मी १० वजा नाही केले, ७ केले, कारण जागा वाढली की प्रत्येक जास्तीच्या फुटाला आधीच्या फुटाइतका भाव मिळत नाही, छोट्या घरांचा दर फुटामागे जास्तच असतो. शिवाय क्षेत्रफळ सगळीकडे एकाच पद्धतीने मोजलेलं हवं, एकाचं कार्पेट आणि दुसऱ्याचं भिंती-जिन्यासकट असं धरलं तर सगळी आकडेमोड पाण्यात. हे ३, ४, ७ कुठून आणायचे असंही कुणी विचारेल. स्वयंपाकघराचं ठेकेदाराला विचारता येतं, पार्किंगचं पार्किंग असलेल्या आणि नसलेल्या दोन जवळपास सारख्या घरांच्या विक्रीतून कळतं, आणि अंधाराचं अंदाजानेच धरायचं, त्यात लाज वाटायचं कारण नाही, व्यावसायिक मूल्यमापन करणारेही काही गोष्टी अंदाजानेच धरतात.

तर आपल्याला मिळालं ९३ ते ९५. एकच आकडा मिळत नाही, पट्टा मिळतो, आणि तो तसाच ठेवायचा. आता घराची तपासणी करून घेतली आणि वायरिंग बदलायला लागणार, बाथरूमची गळती खालच्या घरात उतरतेय, सगळं मिळून ३ खर्च, तर पट्टा ९० ते ९२ वर येतो. फक्त इथे एक बघायचं की ज्या घरांशी तुलना केली त्यांचंही वायरिंग तेवढंच जुनं असेल तर तो तोटा त्यांच्या भावात आधीच धरला गेलाय, परत वजा करायचा नाही. समोरचा एजंट हुशार असेल तर नेमकं यावर बोट ठेवतो.

भाड्याचाही एक ताळा करून बघावा. असंच घर भाड्याने घेतलं तर वर्षाचं भाडं किती आणि ते किमतीच्या किती टक्के, हे आसपासच्या इतर घरांशी ताडून बघायचं. बाकी सगळीकडे ४ टक्के येतंय आणि या घराला ३ येत असेल तर एकतर मागितलेला भाव फुगलाय किंवा भाडेकरूला ज्याची किंमत नाही असं काहीतरी या घरात आहे, उदाहरणार्थ पुढे बांधकाम वाढवायचा हक्क. यावरून ऑफर ठरवू नये पण पहिला हिशेब कुठे घसरलाय का ते कळतं.

आता दुसरा आकडा, आपली कमाल मर्यादा. हा बाजाराचा नाही, आपला स्वतःचा. पंधरा वर्षं राहायचंय, शाळा जवळ, आईवडील दोन मिनिटांवर, अशा माणसाने बाजारभावापेक्षा दोन-तीन टक्के जास्त दिले तर मला त्यात वेडेपणा दिसत नाही, ते पंधरा वर्षांवर पसरले जातात. तीन वर्षांत बदली होणार आहे त्याने मात्र एक टक्काही जास्त देऊ नये, कारण घेताना आणि विकताना दोन्ही वेळचा खर्च, म्हणजे नोंदणी, कर, दलाली, कर्जाची फी, हे सगळं त्याला तीन वर्षांतच भरून काढायचंय.

कर्ज काढणार असाल तर "अजून १ दिला तर काय होतं" हे मनातून काढून टाका. नऊ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत असेल तर कर्जाच्या प्रत्येक १ मागे शेवटपर्यंत हप्ते भरून २.१६ जातात, अर्थात वीस वर्षांनंतरच्या पैशाची किंमत आजच्याइतकी नसते हेही खरं, पण घासाघिशीच्या भरात जो एकेक आकडा आपण वर चढतो तो हप्त्यात दिसायला छोटा असतो म्हणून फसवतो. अजून एक भानगड बँकेची. बँक कर्ज देते ते तिच्या स्वतःच्या मूल्यांकनावर. तुम्ही १०० ला सौदा केला, बँक ८० टक्के देणार म्हणून २० ची सोय केली, आणि बँकेच्या माणसाने घराची किंमत ९२ काढली, तर कर्ज ८० नाही, ७३.६ मिळतं, उरलेले २६.४ तुम्ही आणायचे. सहा-सात टक्क्यांचा हा खड्डा ऐन वेळी समोर येतो आणि मग लोक नातेवाइकांना फोन लावत बसतात. म्हणून मर्यादा ठरवताना रोख रक्कम किती हाताशी राहते तेही धरायचं, दुरुस्तीचे ३ तर लगेचच लागणार आहेत.

मर्यादा बरोबर ठरलीय का हे बघायला मला एक प्रश्न फार उपयोगी वाटतो. कल्पना करा की तुमच्या मर्यादेपेक्षा १ जास्त देऊन हे घर दुसऱ्याने घेतलं. हळहळ वाटली तर मर्यादा थोडी कमी धरलीय. आणि "जाऊ दे, त्याला लखलाभ" असं वाटलं तर ठीक. आपल्या उदाहरणात ९४ धरू. हा आकडा कागदावर लिहायचा, नवरा-बायको दोघांनी मान्य करायचा, आणि एजंटला सांगायचा नाही. कितीही गोड बोलला तरी.

एजंटबद्दल जरा थांबून बोलायला हवं. तो वाईट असतो असं अजिबात नाही, त्याचं गणित वेगळं असतं एवढंच. त्याची दलाली एक टक्का असेल तर घर २ ने महाग गेलं काय आणि स्वस्त गेलं काय, त्याच्या खिशात ०.०२ चा फरक, पण सौदा मोडला तर सगळंच गेलं. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सायव्हरसन यांनी २००८ मध्ये शिकागो भागातल्या जवळपास एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास छापला, त्यात दिसलं की एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते गिऱ्हाइकांच्या तशाच घरांपेक्षा सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि ३.७ टक्के जास्त मिळवतो. म्हणजे दुसऱ्याचं घर असताना तो थांबत नाही, उरकायला बघतो. यातून घेणाऱ्याने दोन गोष्टी घ्यायच्या, "मालक ९७ च्या खाली येणारच नाही" हे एजंटचं वाक्य ऐकायचं पण दगडावरची रेघ समजायचं नाही, आणि तुमच्या बाजूचा म्हणवणारा एजंट "थोडं वाढवा, घर जाईल हातचं" म्हणतो तेव्हा घर जाण्यात त्याचंही नुकसान आहे हे विसरायचं नाही.

आता तिसरा आकडा, जो मोठ्याने बोलायचा. इथे पहिल्यांदा मालकाचा भाव आणि मालक दोन्ही बघायचे. किती दिवस झाले घर बाजारात आहे, भाव एकदा खाली आणलाय का, का विकतोय. दुसरं घर घेऊन बसलाय आणि दोन हप्ते चालू आहेत तर त्याला घाई आहे. वारसाहक्काने आलंय आणि चार भावंडांच्या सह्या लागतात तर पैशापेक्षा त्यांचं एकमत होणं अवघड. नुसताच "बघू कितीला जातंय" म्हणून टाकलं असेल तर तिथे वेळ घालवू नका, असा माणूस चांगली ऑफर आली की अजून चांगलीची वाट बघतो.

एक प्रकार विशेष चिवट असतो, ज्याने भाव चढलेले असताना घेतलं आणि आता उतरलेत असा मालक. डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मेयर यांनी बॉस्टन शहरातल्या फ्लॅटच्या १९९० ते १९९७ च्या विक्रीवरून दाखवलं की ज्यांना खरेदीपेक्षा कमी मिळणार होतं त्यांनी बाकीच्यांपेक्षा भाव चढा लावला, होणाऱ्या तोट्याच्या २५ ते ३५ टक्क्यांइतका, आणि त्यांची घरं विकायलाही जास्त वेळ लागला. अशा माणसाला तुलनेच्या घरांचा कागद दाखवून काही होत नाही, तो त्या कागदाशी भांडतच नाहीये, तो स्वतःच्या जुन्या पावतीशी भांडतोय. आपला आकडा सांगायचा, नम्रपणे, आणि निघायचं. दोन-तीन महिन्यांनी तोच फोन करण्याची शक्यता बरी असते.

घेणारे तुम्ही एकटेच असाल तर पहिला आकडा बाजारभावाच्या पट्ट्याच्या थोडा खाली ठेवायचा, आपल्या उदाहरणात ८७-८८, आणि त्याच्याबरोबर कारण द्यायचं. "८७.५ देतो, कारण या तीन विक्री अशा आहेत आणि वायरिंगला एवढा खर्च आहे" यात आणि नुसत्या "८५ ला देता का" यात फार फरक पडतो, दुसऱ्याला मालक हसतो किंवा चिडतो, पहिल्याला त्याला उत्तर तरी द्यावं लागतं. ७० वगैरे सांगून धक्का द्यायचा सल्ला देणारे भेटतात, मला तो पटत नाही, कारण घर हे माणसाला स्वतःचं असल्यामुळेच जास्त मोलाचं वाटत असतं आणि एकदा तो दुखावला की मग ९२ ला पण तुम्हाला देत नाही, दुसऱ्याला ९१ ला देतो. पुढे वाढवताना पावलं लहान लहान करत न्यायची, ८७.५ वरून ८९.५, मग ९०.५, मग ९०.९, म्हणजे न बोलता कळतं की आता भिंत जवळ आली. प्रत्येक वेळी सारखेच २ वाढवत गेलात तर समोरचा शहाणा माणूस थांबेल कशाला.

घेणारे अनेक असले की खेळच बदलतो. तिथे आधी नियम काय ते विचारून घ्यायचं. सगळ्यांनी बंद पाकिटात एकदाच आकडा द्यायचाय आणि सर्वात मोठ्याला घर मिळणार असेल तर खाली सुरुवात करून वर चढायची संधीच नाही, तिथे मर्यादेच्या थोडंसंच खाली लिहायचं आणि पूर्ण आकडा टाळायचा, ९३ ऐवजी ९३.२, कारण ९३ लिहिणारे अजून दोघं असू शकतात. उघड चढाओढ असेल तर ९४ आला की हात खाली. जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाचा आकडा भरायचा अशीही लिलावाची पद्धत आहे, तिथे सरळ आपली खरी मर्यादा लिहिणंच फायद्याचं ठरतं हे विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये मांडलं होतं, पण घराच्या व्यवहारात ती क्वचितच भेटते.

चढाओढीत एक सापळा आहे जो आधी तेलवाल्यांनी ओळखला. १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या अटलांटिक रिचफील्ड कंपनीच्या इंजिनिअरांनी लिहिलं की समुद्राखालच्या तेलाच्या जागांसाठी कंपन्या बोली लावतात, खाली तेल किती ते कुणालाच नक्की माहीत नसतं, प्रत्येकाचा अंदाज थोडा इकडेतिकडे, आणि जागा मिळते ती ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त फुगलेला होता त्याला. घराचंही तसंच. बाजारभाव नक्की किती हे सहा जणांना सहा वेगळं वाटतं, आणि जिंकतो तो ज्याने सगळ्यात जास्त धरलं तो. म्हणून बोली लावणारे जितके जास्त तितकं आपल्या बाजारभावाच्या अंदाजावर अविश्वास दाखवायचा, पट्टा ९० ते ९२ आहे तर ९० च्या बाजूने झुकायचं. नेमकं उलटं होतं, गर्दी बघितली की माणूस म्हणतो एवढे लोक आलेत म्हणजे घरात काहीतरी असणार, आणि पट्टा वर सरकवतो. आपल्याला हे घर किती सोयीचं आहे त्याचे जे दोन-तीन टक्के धरलेत ते मात्र गर्दीने खोटे ठरत नाहीत, ते तसेच ठेवा.

पैशाशिवायही बोलण्यासारखं बरंच असतं. कर्ज आधीच मंजूर करून घेतलंय, इसार लगेच देतो, ताबा तुमच्या सोयीने द्या, शाळेचं वर्ष संपेपर्यंत राहा हवं तर, या गोष्टींनी कधीकधी ९३ च्या डळमळीत ऑफरपेक्षा ९१ ची पक्की ऑफर मालकाला बरी वाटते. फक्त घराची तपासणी आणि कागदपत्रांची वकिलाकडून छाननी या दोन अटी जिंकण्यासाठी सोडू नका, त्या सोडल्या की पहिला आकडा ज्या पायावर काढला तोच गेला.

ऑफर लेखी द्यायची आणि तिला मुदत घालायची, आठवडा वगैरे, नाहीतर मालक तुमचाच आकडा दाखवून दुसऱ्याकडून वर चढवून घेत बसतो. नाही म्हणाला तर वाईट वाटून घ्यायचं नाही, "याच आकड्याला कधी वाटलं तर कळवा" म्हणून नंबर देऊन यायचं. आणि दोन महिन्यांनी त्याने खरंच फोन केला तर लगेच हो म्हणू नका, मधल्या काळात अजून दोन घरं विकली गेली असतील, ती आधी कागदावर घ्या आणि पट्टा परत काढा, तो वर गेलेला असेल किंवा खाली आलेला असेल, ऑफर त्याप्रमाणे नव्याने द्यायची.